अर्धं वाक्य

लाँड्रीतल्या बायका तिला पंडितीण म्हणत. परक्या मुलखात येऊन वर्ष होत नाही तोच ती तिथल्या पाट्या वाचू लागली होती, म्हणून. धाकट्या बहिणीला तर कोण अभिमान! तीही मागून इथे आली, त्याच लाँड्रीत लागली आणि अक्षरशत्रूच राहिली. "ताई आहे ना वाचायला," म्हणायची.

पंडितिणीचं वाचन म्हणजे काय चीज होती, हे तिचं तिलाच ठाऊक. संध्याकाळच्या भाषेच्या वर्गात शिक्षिका आधी भिंतीवर दोन मिनिटांची फिल्म दाखवत आणि मग त्यातलाच मजकूर वाचायला देत. शब्द अडला तर चित्राचा आधार मिळावा, एवढाच हेतू. हिनं त्या आधाराची पालखीच केली. चित्र आठवायचं, चार ओळखीचे शब्द गाठायचे नि उत्तर ठोकून द्यायचं. "ओळ शेवटपर्यंत वाचा," शिक्षिका बजावत. त्या भाषेत नकार अगदी वाक्याच्या शेपटाला येतो. पण शाबासकी मिळत होती, मग शेपूट बघतंय कोण?

लाँड्रीत कपडे वाफवायचं नवं यंत्र आलं. झाकणावर पाटी होती.

"काय लिहिलंय गं?" धाकटीनं विचारलं.

फिल्ममध्ये असलंच यंत्र होतं. दिवा विझतो, एक बाई झाकण उघडते, पांढरेशुभ्र कपडे बाहेर काढते. पाटीवर दिवा होता, विझणं होतं, झाकण होतं, उघडणंही होतं.

"दिवा विझला की झाकण उघडायचं," पंडितीण चालता चालता म्हणाली.

धाकटीनं उघडलं. आत वाफ कोंडलेली होती.

आता दवाखान्यातल्या खाटेवर धाकटीचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. बोटं वाचतील का, ते डॉक्टर सांगत नव्हते. पंडितीण लाँड्रीत जाऊन पाटी पुन्हा वाचून आली होती, शब्दाशब्दावर बोट ठेवून. दिवा विझला तरी वाफ निघून जाईपर्यंत झाकण उघडू, आणि शेवटी इवलासा 'नका' होता. तिला स्वतःची शिसारी आली.

"यंत्रच खराब असेल, ताई," धाकटी म्हणाली. "तू तर वाचून सांगितलं होतंस."

पंडितीण गप्प बसली असती तर खपून गेलं असतं. तिला ते जमेना.

"यंत्र चांगलंय. मी अर्धंच वाचलं होतं. नेहमीच अर्धं वाचते."

धाकटीनं मान तिच्याकडे वळवली.

"मग इतके दिवस तू मला काय वाचून दाखवत होतीस?"