कानपिळीच्या आधी एक्स्पोर्ट

"आलोच" या माझ्या शब्दावर घरात कोणाचा भरवसा नाही, आणि त्याले कारण माझा धंदा आहे. मी लग्नाच्या फिल्मा बनवतो. सकाळच्या लग्नाची फिल्म संध्याकाळच्या रिसेप्शनले पडद्यावर दाखवायचं फॅड भिलाईत आलं, तेव्हापासून नात्यातल्या एकाही लग्नात मी धड जेवलो नाही. हॉलच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडायचा, कॅमेरावाल्या पोरांनी काढलेलं शूटिंग कापायचं, जोडायचं, आणि शेवटी एक्स्पोर्ट लावायचा, म्हणजे सगळ्याची मिळून एक फाइल होते. काम मशीनचं, चालायचं तास-दीड तास, पण खोली सोडायची सोय नाही. एकदा एका मामानं मोबाइल चार्जिंगले लावाले माझाच प्लग काढला होता. त्यामुळं मी आत गेलो का मांडव रिकामा झाल्यावरच बाहेर यायचो.

मग लहान बहिणीचं लग्न ठरलं. हॉल नेहरू नगरचा, पाहुणे गोंदियाहून. तिनं घरात सगळ्यांसमोर मले बजावलं, "दादा, फिल्म पाहिजे म्हणजे पाहिजे. पण नवरदेवाचा कान तूच पिळायचा."

होमाच्या वेळी नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, आमच्या बहिणीले नीट सांभाळ म्हणून. मी म्हटलं, "चुलत भाऊ आहेत न. एक्स्पोर्ट अडकला तर?"

"मले सख्खा भाऊ एकच आहे. तू नाही आला तर मी पाटावरून उठतच नाही, सांगून ठेवते."

आमची बहीण बोलते तसं करते.

सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनमध्ये ग्राफिक्स कार्डावरून झटपट एक्स्पोर्ट करायचा पर्याय आला होता. मी त्याच्या वाटेले गेलो नव्हतो. कावून, तर पहिले एकदा असाच पर्याय वापरला आणि हळदीच्या पिवळ्या रंगाचे चौकोनी ठोकळे दिसून राहिले होते. पण आता अडलो होतो मी. बहिणीच्या हळदीचं शूटिंग दोन्ही पद्धतीनं काढलं आणि डोळे फाडफाडून पाहिलं. काही फरक दिसेना, म्हणून आईले बोलावलं. "कोणती चांगली?"

आईनं दोन्ही पाहिल्या. "दोन्हीत पोरगी वाळलेलीच दिसते," म्हणाली. माझी तपासणी तिथंच संपली.

लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं झाली तसा मी आत पळालो. गाणं, अक्षता, हार, सगळं आधी आखलेल्या जागी बसवलं, नवा पर्याय निवडला आणि सवयीनं चहा घेऊन पाय पसरले. चहा अर्धाही नाही झाला, तर फाइल तयार. मले खरं वाटेना. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. एक ठोकळा नाही.

पेनड्राइव्ह खिशात टाकून मंडपात आलो आणि नुसता उभा राहिलो. लग्नात हात रिकामे असले का कुठं उभं राहायचं, हे मले ठाऊकच नव्हतं. वरपक्षाच्या एका काकूनं पाहुणा समजून सरबत दिलं, ते पिऊन टाकलं.

तेवढ्यात गुरुजींनी नवरीच्या भावाले हाक मारली. दोन चुलत भाऊ सवयीनं उठले. मी म्हटलं, "बसा रे, मी आहे."

कान असा पिळला का नवरदेव खरंच कळवळला. बहीण खाली मान घालून हसून राहिली होती. मले खूप आनंद झाला, त्यात लपवायसारखं काय आहे.

संध्याकाळी फिल्म झाली, टाळ्या पडल्या. कानपिळी अर्थातच त्यात नव्हती. काका मागून म्हणाले, "मेन सीनच गायब केला न तू."

आता काय, चुटकीचं काम. मी स्टेजवर जाऊन बहिणीले म्हटलं, "थांब, तेवढं टाकून आणतो."

तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"फिल्म मी घरी पाहीन," ती म्हणाली. "तू आता बस इथं."

नवरदेवानं सरकून जागा केली. चुरगळल्या शर्टात मी बसलो, आणि रांगेतले पाहुणे मलेही हात जोडून राहिले होते.