आबा पाणी सोडतात तेव्हा

आता काय सांगू राव, चार बुकं शिकल्यावर माणसाला आपलीच भाषा कशी कळेनाशी होते, ते माझ्याकडे बघून समजा! हसा खुशाल, पण चहा सांडू नका.

आमच्या सॉफ्टवेअर कंपनीनं सगळ्यांचा ताण मोजायचं ठरवलं. मोबाइलवर चाळीस प्रश्न. झोप लागते का? उगाच रडू येतं का? मी तेव्हा गावी, येडगावला, घरून काम करत होतो. खरी उत्तरं दिली आणि निकाल आला लालभडक: 'अतितीव्र ताण'! हे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कळता कामा नये. पोरगं खुर्चीत बसून सुखानं कमावतंय, एवढ्यावर तो माणूस खूश होता हो!

मोबाइल उशीखाली लपवतोय, तेवढ्यात ओट्यावरून आबांचा आवाज. फोनवर कोणाला तरी सांगत होते, "ताण लई झाला राव. वरचं समदं गळालं. निस्त्या काड्या ऱ्हायल्यात."

माझा हात आपोआप टकलावर गेला.

"न्हाई, आता थांबत न्हाई. उद्या सकाळीच पाणी सोडतो."

पाणी सोडतो? माझ्यावर? एकुलत्या एक पोरावर?

तसाच बाहेर धावलो. "आबा, असं नका करू! झोप लागत नाही, खरंय. मीटिंग संपली की मोरीत जाऊन रडतो, तेही खरंय. पण माझ्यावर पाणी सोडू नका!"

आबांनी फोन बंद केला.

"आरं, मी डाळिंबाचं बोलत व्हतो! बहार धरायचाय. दीड महिना पाणी तोडून ताण दिला बागंला, आता पाणी सोडायचंय."

सांगा आता, शेतकऱ्याच्या पोराला बागेचा ताण कळू नये? हसावं की पुन्हा मोरीत जावं, मला कळेना.

आबा मात्र हसले नाहीत. जवळ बसवून घेतलं. म्हणाले, "झाडाचा ताण मला पानावरनं कळतो. तुजा कसा कळनार? तू तर आल्यापास्नं निस्ता हसतोयस." आणि डोक्यावरून हात फिरवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी त्यांनी बागेत पाणी सोडलं आणि मी आठवडाभराची रजा टाकली.

आता पुण्यात असतो. आबा रोज फोन करतात. आधी बागेचं सांगतात, मग हळूच विचारतात, "हितं पालवी फुटली बरं का. आन तुजं?"

मी टकलावरून हात फिरवतो आणि म्हणतो, "वाट बघतोय, आबा!"