आयरिश बासरीचा दसरा

माझ्या फुफ्फुसांवर माझ्या घरात कुणाचाही विश्वास नाही. वाढदिवसाचे फुगेसुद्धा बायको, म्हणजे मेधा, माझ्या हातून काढून घेते आणि स्वतः फुगवते. अशा माणसाने चाळिशीत आयरिश बासरी शिकायला घेतल्यावर घरच्यांनी हसू नये तर काय करावं?

आमच्या गुरू नोराबाई. मूळच्या आयर्लंडच्या, लग्नामुळे इथल्या, आमच्या यिशुन उपनगराच्या झालेल्या, उभा जन्म बासरी वाजवण्यात नि शिकवण्यात घालवलेल्या. त्यांच्याकडे नोटेशन चालत नाही. त्या वाजवतात, आपण ऐकून उचलायचं. (थोडक्यात आपलीच पद्धत, फक्त गुरूंच्या हातात कोपीचा, म्हणजे इथल्या कडक कॉफीचा, मग.) दर रविवारी त्यांच्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे नुसत्या खांबांच्या मोकळ्या तळमजल्यावर, वाजवणारी मंडळी गोलात खुर्च्या मांडून बसतात. नियम असा, की एक धून न अडखळता तीनदा वाजवेल त्यालाच गोलात खुर्ची. मी वर्षभर गोलाबाहेर खांबाला टेकून बसत होतो. "पोटातून फुंक रे," बाई सांगायच्या. मी गालातून फुंकायचो आणि दुसऱ्या फेरीलाच माझा दम संपायचा.

शेवटी बाईंनी परीक्षेचा रविवार ठरवला आणि नेमका त्याच दिवशी दसरा आला. पुण्याहून आलेल्या आईने सकाळीच पूजा मांडली होती. माझा लॅपटॉप, मेधाचा मिक्सर, लेकीची सायकल आणि माझी बासरी, सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, झेंडू. निघताना मी बासरीला हात घातला, तर आई म्हणाली, पूजेतली वस्तू उद्यापर्यंत हलवायची नसते. मी म्हटलं, मग तिथे काय मिक्सर वाजवू? तिने देवाची क्षमा मागून परवानगी दिली, पण हळदकुंकू काही पुसू दिलं नाही. मी बासरी तशीच कापडी पिशवीत सरकवली. (फूल घरंगळू नये म्हणून तिने ते बासरीच्या टोकात बोटाने गच्च बसवलं होतं, हे मला कुणी सांगायचं?)

माझी फजिती बघायला सगळं घर लोटलं होतं. मी गोलाच्या मधोमध उभा राहिलो, बासरी ओठाला लावली आणि फुंकलं. फुस्स! आमची धून सुरूच होते सगळ्यात खालच्या सुरावर, आणि तो सूर गायब. पुन्हा फुंकलं, तर भोकांतून हळद उडाली. बाईंनी हातातला कोपीचा मग खाली ठेवला. मेधाच्या चेहऱ्यावर फुग्यांच्या वेळचे भाव आले.

"बाबा, कॅन ऑर नॉट?" लेक, म्हणजे इरा, हळूच म्हणाली.

खरं सांगतो, मला रडूच यायला लागलं होतं. मग एकदम संताप आला. बासरीचा, दसऱ्याचा आणि वर्षभर पाठीत रुतलेल्या त्या खांबाचा! मी बेंबीच्या देठापासून फुंकलं.

झेंडू सुटला तो गोल ओलांडून थेट बाईंच्या कोपीत! मागोमाग अक्षता, आणि त्यामागून सूर. असा भरदार की मीच दचकलो, पण थांबलो नाही. दुसरी फेरी पार पडली, दम शाबूत. तिसऱ्या फेरीला फिडलवाले, ढोलवाले सगळेच सामील झाले आणि आई मांडीवर ताल धरून "वा, वा" करायला लागली.

धून संपली. बाईंनी चमच्याने कोपीतला झेंडू काढून बशीत ठेवला आणि शेजारची रिकामी खुर्ची पायाने पुढे ढकलली.

"बस," त्या म्हणाल्या.

मी बसलो. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता (हे मेधाला माहीत आहे). तिने डोळे पुसत फोटो काढला. त्यात मी नाकापासून हनुवटीपर्यंत हळदकुंकवाने माखलेला आहे, आणि एकानेही मला ते सांगितलं नव्हतं.

आता त्या खुर्चीवर मी हक्काने बसतो. फुगे अजून मेधाच फुगवते. आणि दर रविवारी सुरुवात करण्याआधी नोराबाई माझी बासरी मागून घेतात, एक डोळा मिटून आत बघतात आणि काळजीने विचारतात, "आज फुलाशिवाय जमेल ना रे तुला?"