पाठीला लावलेला चीक

रंगुबाईला "पाठ दुखती का गं?" असं कुणी विचारलं, की तिचा पारा चढायचा. दुखत होती, चांगली दोन वर्षं दुखत होती. सकाळी अंथरुणातून उठताना भिंतीला धरून उठावं लागायचं आणि गुडघे तर जिन्याची पायरी बघूनच कुरकुरायचे. पण दुसऱ्यानं ते बोलून दाखवलेलं तिला खपत नव्हतं. दत्तोबाच्या पपईच्या बागेत चीक काढणाऱ्या अकरा बायकांची ती मुकादम होती, आणि मुकादमानं कण्हायचं नसतं हे तिनं परस्पर ठरवून टाकलेलं.

कोऱ्हाळे बुद्रुकात जिकडं बघावं तिकडं ऊस. त्यात दत्तोबानं दोन एकर पपई लावली तेव्हा गाव हसलं होतं. गावाला काय, हसायला निमित्त लागतं. त्याला पपई विकायची नव्हतीच, त्याला हवा होता चीक. हिरव्यागार कच्च्या फळाला उन्हं तापायच्या आत ब्लेडनं चार उभ्या रेघा मारायच्या, की दुधासारखा चीक टपटप गळायला लागतो. तो बुंध्याशी बांधलेल्या ताटात धरायचा, शेडमध्ये चाळायचा, वाळवायचा आणि डबे भरून मुंबईच्या औषधवाल्यांकडं पाठवायचा. रेघा पडलेली फळं टुटीफ्रुटीवाले उचलून न्यायचे.

काम दिसायला सोपं, करायला वंगाळ. झाडं ठेंगण्या जातीची, फळं गुडघ्याच्या उंचीला लागलेली. म्हणजे सहा ते दहा नुसतं वाकून. शिवाय चीक कातडी खातो. दत्तोबानं रबरी हातमोजे दिले होते, पण मोजे घालून ब्लेड धरता येत नाही म्हणून बायका ते कमरेला खोचून ठेवायच्या. त्यामुळं एकेकीच्या बोटांची टोकं सोलून खरबरीत झालेली.

टोळीला नियम होता, आणि तो रंगुबाईनंच घातलेला. प्रत्येकीला, खुद्द मुकादमालाही, झाडांची एक ओळ नेमून दिलेली. खाडे तीनच चालायचे. चौथ्या दिवशी घरातली दुसरी बाई बदली म्हणून उभी राहिली पाहिजे, नाहीतर ओळ गेली. गोजरबाईची सून बाळंतीण झाली तेव्हा गोजरबाईचे चार खाडे पडले आणि ओळ गेली. बिचारी रडली, हातापाया पडली. रंगुबाई म्हणाली, नियम म्हंजे नियम, आज तुला सोडलं तर उद्या सगळ्याच सोडवून घेतील. तेव्हापासून गोजरबाई शेडमध्ये पाटावर बसून चीक चाळत होती. ते थकल्याभागल्यांचं काम, त्याला मजुरी कमी आणि मान त्याहून कमी.

रंगुबाई एवढी कडक का, तर तिची लेक ज्योत्स्ना. पोरगी बारामतीला बारावी सायन्सला होती. त्यांच्या वस्तीतून सायन्सला गेलेली ती पहिलीच मुलगी. नवरा ज्ञानू सोमेश्वरनगरच्या कारखान्यात पाळीवर. सीझन चालू असला की त्याचं घर म्हणजे नुसती झोपायची जागा. घरात ओळ धरू शकतील अशा बायका दोनच, माय आणि लेक. म्हणजे माय उभी आहे तोवरच लेक कॉलेजात, हे रंगुबाईला पक्कं ठाऊक होतं. पाठीचं दुखणं ती लपवायची ते त्यासाठी.

पण चौऱ्याण्णवच्या जानेवारीत पाठ अशी धरली की लपवणार काय, डोंबल? ज्योत्स्नानं तिला जवळजवळ ओढत बारामतीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं पाठ दाबून बघितली, गुडघे वाकवून बघितले. सांध्यांना आणि कमरेला सूज आहे म्हणाले. सुजेवर एक गोळी दिली, हाडांसाठी कॅल्शियमची दुसरी दिली, आणि वर सांगितलं की तीळ, राजगिरा, हरभऱ्याची भाजी खा, पण वाकणं बंद करा. गोळी आधार देईल, वाकण्याला तिच्याकडं उतारा नाही. वाकणं बंद करायचं सोडून बाकी सगळं रंगुबाईनं ऐकून घेतलं. कॅल्शियमची गोळी म्हणजे चुना हे कळल्यावर मात्र ती म्हणाली की चुना मी पानाला लावून जन्मभर खातेय, आणि ती गोळी फडताळात गेली ती गेलीच.

सुजेच्या गोळीनं खरंच बरं वाटलं. आठव्या दिवशी ती भिंतीला न धरता उठली. त्या संध्याकाळी ज्योत्स्नानं गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली आणि हसायलाच लागली. आई, हे आपल्या पपईच्या चिकातनं काढलेलं आहे, म्हणाली. मग तिनं समजावून सांगितलं की चिकात विकर असतं, इंग्रजीत त्याला एन्झाइम म्हणतात, ते मोठमोठे कण तोडून बारीक करतं. म्हणून तर जून मटणात कच्च्या पपईची फोड टाकली की मटण लोण्यासारखं शिजतं.

पोरीनं शहाणपणानं सांगितलं, आणि आईनं त्यातलं नेमकं मटण तेवढं उचललं. काय म्हणावं या बाईला! रात्रभर तिच्या डोक्यात एकच चक्र. जून मटण मऊ होतं, तर आखडलेली पाठ का नाही होणार? आपण पिळायचा चीक, तो जाणार मुंबईला, आणि चिमूटभर होऊन परत यायचा तो आपल्यालाच गोळी म्हणून. दुसऱ्या दिवशी तिनं लोटीभर ताजा चीक पदराआड घरी आणला. ज्योत्स्ना कॉलेजात होती. शेजारच्या पोरीकडून तो कमरेपासून खांद्यापर्यंत चोपडून घेतला, वरून फडकं बांधलं आणि पालथी झोपली. आधी चुणचुणलं. औषध लागू पडतंय, असं तिला वाटलं. मग आग पडली, तरी ती दात आवळून पडून राहिली, कारण दुखल्याशिवाय बरं होत नाही हे तिचं जुनं मत. ज्योत्स्नानं येऊन फडकं सोडवलं तेव्हा फडक्याबरोबर पाठीची साल निघून आली.

डॉक्टर चिडले नाहीत, हे तिला जास्त लागलं. ते म्हणाले, गोळीत तो चीक शुद्ध करून, मोजून, पोटात जाईपर्यंत फुटणार नाही असा गुंडाळलेला असतो. कच्चा चीक जितं कातडं आणि मेलेलं मटण यात फरक करत नाही. पंधरा दिवस पालथं झोपा.

पहिले तीन दिवस खाड्यात गेले. चौथ्या दिवशी रंगुबाईनं ओळीचं विचारलं, तर ज्योत्स्ना म्हणाली, दत्तोबा आबांनी तुझी ओळ राखून ठेवलीय, तू काळजी करू नको. रंगुबाईला ते गोड वाटलं. एवढी वर्षं राबलो त्याचं काहीतरी चीज झालं, असं तिच्या मनात आलं. ज्योत्स्ना पहाटे सहाला घर सोडायची, जादा तास आहेत म्हणायची. दुपारी येऊन आईच्या पाठीला मलम लावायची. इतक्या हलक्या हातानं लावायची की रंगुबाईचा डोळा लागायचा.

दहाव्या दिवशी जखमा सुकत आल्या होत्या. ज्योत्स्ना मलम लावत होती आणि रंगुबाईला पाठीवर काहीतरी खरखरलं. कोवळी कातडी, तिला कापसाचा धागासुद्धा कळत होता. तिनं मागं हात करून पोरीचं मनगट धरलं आणि बोटं डोळ्यांसमोर आणली. टोकं सोललेली, पांढरी पडलेली.

"किती दिस झालं?"

"आजचा सातवा."

"आन कॉलेज?"

ज्योत्स्नानं हात सोडवून घेतला. मग थोडं थोडं बाहेर आलं. प्रॅक्टिकल चार दिवसांवर आलं होतं. जर्नलवर मॅडमची सही व्हायची राहिली होती, आणि सही नसली तर परीक्षेला बसू देत नाहीत. सहीला उद्याचाच दिवस उरला होता. आणि तरीही उद्या पहाटे ती बागेतच जाणार होती.

"कुणी सांगितलं हुतं तुला?"

"कुणी न्हाय," ज्योत्स्ना म्हणाली. "नियम तुझाच हाय ना, आई? चौथ्या दिवशी कुणीतरी उभं ऱ्हायलाच पायजे. आबा राखत न्हाईत ओळ, मीच राखतीय."

रंगुबाईनं तोंड उशीत खुपसलं. पाठीची आग परवडली, असं तिला झालं. ज्या पोरीसाठी सगळ्या टोळीला तिनं धारेवर धरलं, त्याच पोरीच्या मानेवर तिनं आपल्या हातानं तो नियम बसवला होता. गोजरबाईचं रडणं तिला आत्ता, एवढ्या महिन्यांनी, ऐकू आलं. त्या वेळी आपण कान कुठं ठेवले होते, हे तिला कळेना.

सकाळी ज्योत्स्ना चहा करत होती तेवढ्यात रंगुबाई घरातून बाहेर पडली. पाठीला मऊ धोतर गुंडाळलेलं, कमरेत काठीसारखी ताठ, एकेक पाऊल मोजत. बागेत टोळी जमली होती. बायका तिच्याकडं बघायला लागल्या. ती सरळ शेडमध्ये गेली आणि गोजरबाईपुढं उभी राहिली.

"गोजरे, ऊठ. माजी ओळ तू घे."

गोजरबाईला वाटलं, थट्टा करतीय. "आन तुमी?"

"मी चाळते. तुजी ओळ मी खाल्ली हुती, ती फेडायला उशीर झाला. ब्लेड उचल, उन्हं यायलीत."

गोजरबाईनं हात पुसले. जाताना ती थांबली, वाकून पाट भिंतीशी सरकवला, म्हणजे रंगुबाईला टेकता यावं. मग ओळीकडं गेली. रंगुबाई सावकाश खाली बसली. मोजे चढवले आणि चाळण पुढ्यात घेतली.

ज्योत्स्ना धावतच आली. पदर खोचलेला, दप्तर घरी. ओळीत गोजरबाईला बघून ती तिथंच थबकली, मग शेडच्या दारात आली. आई पाटावर बसून चाळत होती.

"आई, आपली ओळ?"

"दिली." रंगुबाईनं चाळणीवरची नजर उचलली नाही. "आठची एसटी हाय. जा, सही घिऊन ये."