उपरण्याखालची बोटं

मला माझ्या उजव्या हाताने फसवले आणि त्या हाताला देवाने फसवले. देव म्हणजे जोतिबा. नाव घेऊन सांगतो, कारण आडून बोलायची मला सवय नाही.

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले. कापसाची वात ते हातावर टेकवणार होते. जिथे स्पर्श कळेल तिथे दुसऱ्या हाताचे बोट ठेवायचे. मी वाट पाहत राहिलो. वाटले, यांनी अजून सुरुवातच केली नाही. शेवटी चिडून म्हणालो, "लावा की आता! दिवस मावळला."

"केव्हाचा लावतोय," ते म्हणाले. "उघडा डोळे."

कापूस माझ्या करंगळीवर होता.

"याला अ‍ॅनेस्थेशिया म्हणतात." म्हणजे बधिरपणा. मग त्यांनी कोपराची आतली बाजू चाचपली. तिथल्या शिरेला ते अल्नर नर्व्ह म्हणाले. ती दोरीसारखी जाड झाली होती. नंतर त्यांनी "लेप्रसी" हा शब्द उच्चारला. त्याचा अर्थ समजावून सांगायची पाळी त्यांच्यावर आली नाही. महारोग म्हणजे काय, ते आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते. आपल्या भाकरीवर त्याची सावली पडू नये एवढे तरी माहीत असतेच.

मी बैलांचा हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी. बापाने मागे एक दावे ठेवले होते, त्याला बांधायला बैल नव्हता. तिथून निपाणी-चिकोडीच्या बाजारात माझ्या शब्दावर जोड्या उभ्या राहू लागल्या, त्या या हातामुळे. आमचा भाव तोंडाने ठरत नाही. दोघांच्या हातांवर उपरणे टाकायचे आणि घेणाऱ्याने देणाऱ्याची बोटे धरायची. जितकी बोटे तितका भाव. भोवती अख्खा बाजार उभा असला तरी उपरण्याखालचे फक्त दोघांना कळते.

दवाखान्यात जायच्या आधीच्या त्या गुरुवारी बाजारात समोर शिवलिंगाप्पा होता. कानडी मुलखातला म्हातारा हेडी, माझा जुना वैरी. त्याने बोटे धरली. मला तीन लागली.

"तीन? ह्या जोडीला तीन? म्हाताऱ्या, बैल पायजेत का शेळ्या?"

त्याने पुन्हा धरली. पुन्हा तीनच. माझे डोके फिरले. "चोर हाईस तू! भर बाजारात चेष्टा करतोस व्हय रं?"

सौद्यात कुणीही करत नाही ते त्याने केले. उपरणे उचलले. माझी पाचही बोटे त्याच्या मुठीत होती.

लोक हसले. "ह्यो आता मोजायला बी इसरला!" एकजण ओरडला. शिवलिंगाप्पा हसला नाही. तो माझ्या शेवटच्या दोन बोटांमधल्या बेचक्याकडे पाहत होता. तिथली कातडी विडीने जळून काळी पडली होती.

"हे कवा भाजलं, तम्मा?" कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. इतक्या वर्षांत त्याने मला असे कधी म्हटले नव्हते. "बेळगावला जा. आजच जा."

हे वाचणाऱ्याच्या अंगावर फिकट चट्टा असेल, तिथे घाम येत नसेल, खाज नसेल, चिमटा कळत नसेल, तर त्याने माझ्यासारखे थांबू नये. माझ्या कोपराखाली तसा चट्टा दोन पावसाळे होता. दुखत नाही म्हणून मी त्याला आजार मानले नाही. हा आजार दुखत नाही, हीच त्याची लबाडी.

दवाखान्यात कडू कवठाच्या तेलाच्या सुया टोचत. तेल घट्ट, सुई जाड. टोचलेल्या जागी गाठ येई आणि रात्रभर ठणके. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन, रस काचेवर पसरून सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली बघत. याला स्मिअर म्हणतात. माझा स्मिअर दर वेळी पॉझिटिव्ह येई. म्हणजे रोगाचे जंतू अजून आहेत.

तिथे मी जोतिबाशी सौदा केला. रोग घे, माझा हात परत दे. मी जन्मभर तुझ्या नावाने चांगभलं म्हटल्याशिवाय पाणी तोंडाला लावणार नाही. हा सौदा साधा होता, त्यात खोच नव्हती.

व्हरांड्यात एका अंगाला पुरुष आणि समोर बायका सुया घ्यायला बसत. समोरच्या रांगेत काशाक्का होती. हातांना बोटे उरलेली नव्हती, नाक बसलेले, दिसतही अंधुक. सुई घुसली की ती गरजे, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!"

कंपाउंडर दचके. "आक्का, एक दिवस तुझ्या वरडण्यानं सुई माझ्याच हातात घुसंल."

"घुसू दे की. मग तू बी म्हणशील!" बायका खिदळत.

मला तो हसण्याचा आवाज सहन होत नसे. एकदा मी तिला टाकून बोललो, "बोटं गेली, नाक गेलं, लेक फिरकत न्हाय. कशाचं गं चांगभलं?"

"माझं कुठं म्हणत्ये? त्याच्या नावानं म्हणत्ये. माझं वाईट झालं म्हणून त्याचं वाईट चिंतू व्हय?" मग माझ्या दिशेने तोंड करून म्हणाली, "तू हेडी. देवाला बी दावणीला उभा केलास. मी न्हाय त्याला इकायला काढला."

मी तोंड फिरवून दंड कंपाउंडरपुढे केला. बाजारात माझ्यावर अशी वेळ कधी आली नव्हती.

ती थंडीत गेली. मयत न्यायला कुणी आले नाही. दुसऱ्या सकाळी व्हरांड्यात सुया सुरू झाल्या आणि कुणीच ओरडले नाही. कंपाउंडर माझ्या दंडाशी सुई धरून थांबला होता, जणू ऐकायची वाट बघत होता. सुई घुसली आणि माझ्या तोंडून ते निघाले, तिच्यासारखेच, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असे. का, ते मला आजही सांगता येत नाही. मी सौद्यातले रोज ओठातल्या ओठात म्हणत होतोच, पण हे तसे नव्हते. तेवढ्या वेळापुरता मला आनंद झाला. मग दंड ठणकू लागला.

पुढे स्मिअर निगेटिव्ह येऊ लागला. डॉक्टर म्हणाले, "रोग थांबला. तुमच्यापासून आता कुणाला भीती नाही." मी हात पुढे केला. दोन बोटे आत वळून आखडली होती. ते म्हणाले, "नर्व्ह मेली की परत येत नाही. ही बोटं अशीच राहणार." त्यांनी खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

घरी आलो. बायको जेवण बाहेरच्या सोप्यात आणून ठेवते आणि मागे सरते. तिची भीती मी समजतो. समजल्याने घास गोड लागत नाही. बाजारात उपरणे पसरून बसलो. दिवसभर त्याखाली कुणी हात घातला नाही. शिवलिंगाप्पा शेजारी येऊन बसला. तंबाखूची चिमूट त्याने उपरण्यावर ठेवली. हात त्यानेही दिला नाही. त्याच्यावर माझा राग नाही.

माझा राग ज्याच्यावर आहे त्याच्या देवळात गाव मला येऊ देत नाही. मी रोज सकाळी पायरीखाली उभा राहतो, पाण्याचा थेंब न घेता. चांगभलं म्हणतो, काशाक्काच्या आवाजात म्हणतो. एकही दिवस चुकवलेला नाही. कधी कधी तो आनंद येतो आणि घराकडे वळेपर्यंत निघून जातो.

मग मी उजव्या हातावर उपरणे टाकतो आणि हात देवळाकडे धरतो. जोतिबा, माझ्या बाजूचे मी पाळले. तुझ्या बाजूचे काय? तू माझी बोटे धरतही असशील. मला कळायचे कसे? त्या दिवशीही कळले नव्हते. शिवलिंगाप्पाला मी चोर म्हणालो, तरी त्याने उघडून दाखवले. तो तर माणूस होता.

तू उचल उपरणं. दाखव.