हात असलेली खुर्ची

कर्जतच्या आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत वर्षभर जा-ये केली की पाठ बरी होवो न होवो, किस्से मात्र रग्गड जमतात. सगळे सांगत बसले तर माझा नंबर निघून जाईल!

आधी माझी ओळख. वय चोवीस. आजार दोन: अख्खं अंग दुखवणारा फायब्रोमायल्जिया आणि जोडीला डिप्रेशन. दोन्ही एक्स-रेत दिसत नाहीत. इथेच सगळी बोंब आहे.

*

बाहेर एक लांब बाक आणि हात असलेली एकच खुर्ची. ज्याचं दुखणं मोठं, त्याची खुर्ची. नवा पेशंट पिशवीतून एक्स-रे काढतो, खिडकीशी धरतो, सगळे माना वाकड्या करून बघतात आणि निकाल लागतो!

चौक गावच्या गॅरेजवाल्या संदेशच्या पायात रॉड. तो बघून बाकावरून "अरे बापरे!" आलं. मग मी माझा एक्स-रे धरला. संदेशने नीट निरखला.

"मस्त हाय गं! एकदम शोरूम कंडिशन!"

मी बाकावर. त्या रॉडचा मला असा काही हेवा वाटला, की विचारू नका.

*

खोपोलीचा मावसभाऊ बाइकवरून पडला, हाताला प्लास्टर. आईने लगेच शहाळी घेतली. "मलईवालीच द्या हं, पेशंटसाठी आहेत," असं दोनदा बजावून. पिशवी मी धरली होती. दुखऱ्या हातात!

प्लास्टरवर सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. जरा दाबूनच केली.

*

आईच्या बीपीच्या गोळ्या टीव्हीशेजारी ऐटीत असतात. माझ्या डिप्रेशनच्या, तांदळाच्या डब्यामागे. शेजारच्या सुमनकाकूंनी एकदा त्या पाहिल्याच.

"केसांसाठी घेते ती," आई घाईने म्हणाली.

काकूंनी माझ्या केसांकडे नीट बघितलं. "मग बदला हो. काही फरक नाही!"

*

ठाकुरवाडीच्या हिराबाई लाकडं आणताना घसरल्या, खुबा मोडला. त्या आल्यापासून खुर्ची त्यांचीच. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, तुमचं बरंय. मोडलंय तरी!"

लगेच जीभ चावली. मत्सर करायचा तर तो सत्तरीच्या बाईच्या मोडक्या खुब्याचा!

हिराबाई चिडल्या नाहीत. "घरी कोन इचारीत नाय का गं तुला?"

मला रडूच आलं. संदेश पंख्याकडे बघत बसला.

*

गेल्या सोमवारी डॉक्टरांनी आईला बोलावलं. आम्ही बाकापाशी पोचलो तशा हिराबाई काठी टेकत उठल्या.

"बस गं पोरी."

आई ओशाळली. "अहो मावशी, बसा तुम्ही! हिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत."

"रिपोट बरा असंल," हिराबाई म्हणाल्या. "पोर बरी नाय."

संदेशने रॉडचा पाय आवरून त्यांना बाकावर जागा दिली. मी खुर्चीत बसले. आत डॉक्टरांचं सगळं आईने ऐकून घेतलं.

परतताना तिने रिक्षा शहाळ्यांच्या गाडीपाशी थांबवली आणि एकटीच उतरली.

"एक मलईवालं द्या. पेशंटसाठी आहे."

"पिशवीत घालून देऊ?"

"नको, फोडाच. पेशंट रिक्षात बसलीये."