सरांची जागा

आमच्या सरांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझ्या मैत्रिणीच्या ऑपरेशन थिएटरमधून ते काही हलायला तयार नव्हते. ती सर्जन, मी भूल देणारी. इंटर्न असताना दोघी त्यांच्याच हाताखाली शिकलो. शिकणाऱ्याचा हात चुकला की सर चिमट्याने त्याच्या बोटांवर टोला हाणायचे. आम्ही ‘सॉरी सर’ म्हणायचो आणि काळीनिळी बोटं कँटीनमध्ये मिरवायचो. मूर्ख होतो, दुसरं काय!

स्वतः शिकवायला लागल्यावर तिने एकच गोष्ट मनाशी धरली, सरांसारखं व्हायचं नाही. पोरांनी ‘का’ विचारलं तर ती समजावून सांगायची. ड्यूटी संपली की त्यांना घरी पिटाळायची. “डोक्यावर मिरे वाटतील तुझ्या,” असं बरोबरीचे सर्जन म्हणायचे.

पण शिकवताना टेबलाच्या पलीकडे, सर उभे राहायचे तिथेच उभं राहावं लागतं. “तिथे गेले ना, की ते माझ्यात शिरतात गं,” ती म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचे. तरी एकदोनदा तिच्या मास्कमागून सरांचा तो तुसडा ‘हं’ ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला.

त्या दिवशी हर्नियाचं साधंच ऑपरेशन होतं. तिचा एक उंचाडा विद्यार्थी, आमचा लंबू, टाके घालत होता. सांगूनही त्याची सुई पुन्हा रक्तवाहिनीच्या जवळ गेली आणि मैत्रिणीचा हात उठला. चिमटा त्याच्या बोटांवर बसला. लंबू आता ‘सॉरी’ म्हणेल, असं मी धरूनच चालले होते.

त्याने सुई थांबवली. “मॅडम, मारू नका. तोंडाने सांगा, मी ऐकतो.”

आवाजात ना राग होता, ना भीती.

तिने चिमटा ट्रेमध्ये ठेवला. म्हणाली, “चुकलं माझं. सुई काढ, जरा वरून घे.” त्याने घेतली, अगदी नीट.

कपडे बदलायच्या खोलीत ती बाकावर मटकन बसली आणि ढसाढसा रडायला लागली.

“अगं, माफी मागितलीस ना त्याची? झालं तर मग,” मी म्हटलं.

“त्याच्यासाठी नाही रडत मी. आपण एकदा असं म्हटलं असतं, तर सर थांबले असते का गं?”

मला काय माहीत! आम्ही कधी म्हणूनच पाहिलं नाही.